निवेदकाला नारळ-टॉवेल दिला की आपलं काम संपलं?

गेल्या चैत्रातली गोष्ट. नेसरीपासून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासावरचं एक गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं की सगळं भांडण त्या गावाभोवतीच फिरणार आणि बाकीची गावं सुटणार. यात बाकीची गावंही आहेत, आमचंही आहे.

जत्रेचं कुस्ती मैदान होतं. पोस्टर मोठं. पहिल्या कुस्तीला लाखाच्या वर इनाम, दोन नंबरला त्याच्या निम्मं, खाली देणगीदारांचे पन्नासेक फोटो. दुपारी तीनला नारळ फुटला. माईकवर साठी ओलांडलेले एक निवेदक. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी, खिशात घडी घातलेला कागद, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या. बसायला खुर्ची होती, पण त्यांना बसलेलं मी एकदाही बघितलं नाही. लहान पोरांच्या दहा-वीस रुपयांच्या कुस्त्यांपासून त्यांनी सुरुवात केली. ज्या पोराचा लंगोट पण धड बसला नव्हता, त्याच्या आज्याचं नाव घेऊन ते सांगत होते, याचा आजा कुठल्या तालमीत होता आणि त्याचा कुठला डाव नावाजलेला होता. ते पोर हरलं. तरी मैदानातून बाहेर पडताना छाती काढून गेलं. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळ्याला टॉवेल लावला. तो आजाच होता म्हणे.

आता पुढचं ऐका. दोन नंबरची कुस्ती लागली. काटा जोड. दहा मिनिटं खडाखडी झाली, पट काढायचा प्रयत्न झाला, मैदान तापलं. आणि तेवढ्यात व्यासपीठावर एक नेते आले. कमिटीतल्या एकानं निवेदकांच्या हातातला माईक अक्षरशः ओढून घेतला. स्वागत, सत्कार, फेटा, मग ज्यांनी फेटा बांधला त्यांचं नाव, मग ज्यांच्या हस्ते बांधला त्यांचं नाव. इकडं मातीत एका पोरानं ढाक लावली आणि कुस्ती निकाली झाली. चितपट! मैदानातल्या अर्ध्या लोकांना कळलंच नाही काय झालं ते. हलगीवाला मात्र शहाणा, त्यानं ओळखलं आणि तोच वाजवत आत पळाला. त्या पोराच्या आयुष्यातली तोपर्यंतची सगळ्यात मोठी कुस्ती असेल. ती लागली कुणाच्या नावावर? नेत्याच्या फेट्यावर.

रात्री नऊला मैदान संपलं. निवेदकांना नारळ दिला, टॉवेल दिला, आणि बिदागीचं विचारलं तर "हिशोब व्हायचाय, पुढच्या आठवड्यात या की." पुढच्या आठवड्यात या! सहा तास उभा राहिलेला, घसा बसलेला माणूस. एसटी गेलेली. एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून ते गडहिंग्लज स्टँडवर गेले. पहिल्या नंबरच्या पैलवानाला मात्र इनाम रोख, जागेवर, फोटोसकट मिळालं. मिळायलाच पाहिजे. माझं म्हणणं पैलवानाचं कमी करा असं नाही.

म्हणणं इतकंच, की ज्याच्या आवाजानं ते मैदान उभं राहिलं त्याला आपण मंडपवाल्याच्याही खाली बसवलंय. मंडपवाल्याला निदान निम्मा ॲडव्हान्स असतो.

आपल्या भागात कुस्ती निवेदन म्हटलं की पहिलं नाव येतं ते कोथळीच्या शंकर पुजारींचं. शिरोळ तालुक्यातलं कोथळी. ज्यानं पश्चिम महाराष्ट्रात चार मैदानं बघितलीत त्याला हा आवाज ओळखायला नाव सांगावं लागत नाही. लांबून, उसाच्या फडापलीकडून भोंगा ऐकू आला तरी माणसं म्हणतात, आज पुजारी आहेत, चला. पोस्टरवर निवेदकाचं नाव वाचून लोक मैदानाला यायला लागले, हे या लोकांनी करून दाखवलं. त्यांच्या पिढीनं कुस्ती निवेदनाला एक घाट दिला. आधी पैलवानाचं गाव, मग तालीम, मग वस्ताद, मग मागच्या कुस्त्या, मग त्याचा हुकमी डाव, आणि मग हात मिळवणी. आज विशीतला कुठलाही नवा निवेदक माईक हातात घेतो तेव्हा याच क्रमानं बोलतो. कुणी शिकवलं विचारलं तर सांगता येत नाही त्याला. ऐकून ऐकून आलेलं असतं.

मी हे आज का लिहितोय? कारण ही पिढी आता थकत चाललीय, आणि या धंद्यात निवृत्ती नावाची गोष्ट नाही. शिक्षक निवृत्त होतो, त्याला निरोप समारंभ असतो, शाल असते, पेन्शन असते. निवेदक निवृत्त होत नाही. त्याला फोन यायचे बंद होतात. एका वर्षी दहा मैदानं, पुढच्या वर्षी सहा, मग दोन, मग एखादा जुना दोस्त घरगुती मैदानाला बोलावतो. एवढंच. तारीख नाही, हार नाही, कुणी सांगितलंच नाही की आता थांबा. एके दिवशी लोकांच्या लक्षात येतं की तो आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून माणसं उभी आहेत तोवर बोलतोय. गेल्यावर श्रद्धांजलीची पोस्ट लिहायला मला पण येतं, तुम्हाला पण येतं.

निवेदक नेमकं काय करतो हे ज्यांना शहरात राहून माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टीव्हीवर क्रिकेट बघताना आवाज बंद केला तरी धावफलक दिसतो. मातीतल्या कुस्तीला फलक नसतो. पाच-दहा हजार माणूस गोल बसलेलं, मधे धुळीत दोन उघडी अंगं एकमेकांत गुंतलेली. लांब बसलेल्याला कोण वर, कोण खाली एवढंच दिसतं. हा घिस्सा आहे की पोकळ घिस्सा, एकेरी पट काढला की दुहेरी, एकलंगीची तयारी चाललीय की नुसतं दमवणं चाललंय, हे त्याला कोण सांगणार? माईकवरचा माणूस. आणि त्याला हे पैलवानाच्या खांद्याच्या हालचालीवरून, डाव लागायच्या आधी ओळखावं लागतं. लागल्यावर सांगणारे ढिगानं आहेत.

दुसरं, मैदान सांभाळणं. कडं तुटलं, लोक आत घुसले, दोन गावांची पोरं समोरासमोर आली, तर पोलीस नंतर येतात, आधी माईक येतो. जुना निवेदक त्यावेळी ओरडत नाही. एखाद्या म्हाताऱ्या वस्तादाचं नाव घेऊन त्यांच्या मानासाठी खाली बसा म्हणतो, आणि गर्दी बसते. हे मी डोळ्यानं बघितलंय, एकदा नाही, चारदा.

तिसरं, गरिबाच्या पोराला उभं करणं. पोस्टरवर नाव नसलेला एखादा पोरगा चांगली कुस्ती करतो. निवेदक त्याला थांबवतो, त्याची परिस्थिती दोन वाक्यांत सांगतो, आणि शंभर, दोनशे, पाचशे करत मैदानातूनच त्याच्या महिन्याच्या दुधाचे पैसे गोळा होतात. पोराला खुराक मिळतो. निवेदकाला त्यातलं काही नको असतं, आणि काही मिळतही नाही.

आणि चौथं, ज्याचा कुणी हिशोबच करत नाही, ती आठवण. कवठेपिरानचे मारुती माने, पुनवतचे गणपतराव आंदळकर, एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे. ही नावं आपल्याला गावासकट का पाठ आहेत? १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले खंचनाळे एकसंब्याचे, ते एकसंबा आज कर्नाटकात आहे, पण मैदानात त्यांचं नाव निघालं की सीमा बिमा काही राहत नाही. पुस्तकात वाचून नाही पाठ झालेलं हे. मैदानामैदानात दर वर्षी कुणीतरी माईकवरून म्हटलं म्हणून आपल्या कानात बसलं. आम्ही नेसरीवाल्यांनी हे जरा जास्त समजून घ्यायला पाहिजे. २४ फेब्रुवारी १६७४ ला आमच्या खिंडीत सात जण गेले. त्या साडेतीनशे वर्षांमागच्या गोष्टीवर आमचं गाव आजही ओळखलं जातं. प्रतापराव लढले हे खरंच, पण आपल्यापर्यंत ते आले ते कुणी लिहिलं, कुणी पोवाड्यात गायलं, कुसुमाग्रजांनी कविता केली, म्हणून. सांगणारा नसता तर खिंड ही नुसती खिंड राहिली असती.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मलाही नाही. पण त्या खेळाचा एक निवेदक होता, विन स्कली. १९५० मध्ये त्यानं डॉजर्स या संघासाठी बोलायला सुरुवात केली, तेव्हा तो संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता. १९५८ ला संघ लॉस एंजेलिसला गेला, हाही गेला. आणि २०१६ पर्यंत बोलत राहिला. सदुसष्ट हंगाम, एकच संघ! लॉस एंजेलिसला सुरुवातीची काही वर्षं सामने एका अवाढव्य मैदानात व्हायचे, खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. तर लोक काय करायचे, सामन्याला येताना ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. समोर सामना चाललाय आणि कानाला रेडिओ! समोर दिसतंय ते खरंच काय आहे हे स्कली सांगणार म्हणून. त्या मैदानाचं नाव कलोसियम. आणि आपल्या शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर खासबागेचं मैदान बांधायचं मनात घेतलं असं सांगतात. १९१२ ला ते झालं, आणि कुठंही बसा, मधला आखाडा दिसतो. दिसतो, पण कळायला अजून सांगणारा लागतोच. कोल्हापूर काय आणि लॉस एंजेलिस काय, माणसाची गरज एकच.

मला स्कलीबद्दल जे खुपतं ते पुढचं आहे. २०१६ हा त्याचा शेवटचा हंगाम हे आधीच सगळ्यांना माहीत होतं. तर शहरानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये, हंगाम सुरू होतानाच, स्टेडियमकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. माणूस जिवंत, अजून माईकवर, आणि रोज स्वतःच्या नावाच्या रस्त्यावरून कामाला जातोय! वर्षभर लोक त्याला निरोप देत होते. नोव्हेंबरात ओबामांनी देशातला सर्वोच्च नागरी सन्मान त्याच्या गळ्यात घातला. २०२२ ला तो गेला तेव्हा त्याच्यासाठी करायचं काही राहिलं नव्हतं, फक्त रडायचं राहिलं होतं. आणि त्याची कितीतरी ध्वनिमुद्रणं आजही कुणालाही ऐकता येतात.

आपल्याकडं? खाशाबा जाधवांचं बघा. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलेला गोळेश्वरचा माणूस. १९८४ ला अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, नव्या शतकाच्या तोंडावर. पदक जिंकलेल्या पैलवानाची ही कथा, तर त्याच्या कुस्तीचं वर्णन करणाऱ्याला कोण विचारतो?

सरकारचं म्हणाल तर अगदीच काही नाही असं म्हणणार नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली, तिथंच पैलवानांचं मानधन वाढवायची घोषणा झाली. बरं झालं. वयस्कर कलावंतांसाठी पण योजना आहे, आणि तिला नाव कुणाचं, तर राजर्षी शाहू महाराजांचं. महिन्याला पाच हजार रुपये. कीर्तनकार, शाहीर, तमाशातले कलावंत, सगळे त्यात येतात आणि यायलाच पाहिजेत. मग माझा सरळ प्रश्न आहे. ज्या राजानं कुस्तीला राजाश्रय दिला त्याच्या नावाच्या योजनेत कुस्तीचा निवेदक कलावंत म्हणून नावानिशी का असू नये? शाहीर डफावर बोलतो, कीर्तनकार टाळावर, आणि हा हलगीवर. कला नाही तर काय आहे हे? शिवछत्रपती पुरस्कारात खेळाडू आहेत, मार्गदर्शक आहेत, निवेदकाचा रकाना कुठं आहे? आमदार-खासदार प्रत्येक मैदानाला येतात, फेटा बांधून घेतात, निवेदकाच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकतात. त्यातल्या एकानं तरी विधानसभेत हा एक प्रश्न लावावा. फेट्याचे पैसे वसूल होतील.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकार, सरकारला बोलणं सोपं आहे, स्वतःचं सांगा. सांगतो.

मी गेली वीस वर्षं मैदानांच्या बातम्या देतोय. पहिल्या नंबरचा विजेता, दुसऱ्या नंबरचा विजेता, बरोबरीत सुटलेल्या, मग पंचांची नावं, मग उपस्थित मान्यवर (हे कधीच सुटत नाहीत), आणि सगळ्यात शेवटी "निवेदन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले." पेपरात जागा कमी पडली की डेस्कवरचा माणूस खालून कापतो. म्हणजे पहिली जाते ती निवेदकाची ओळ. मला हे माहीत होतं. तरी वीस वर्षं मी ती ओळ खालीच लिहीत आलो. एकदाही वर घेतली नाही. यात कुणी मोठा कट केला नव्हता, माझा आळस होता. आपल्या भागातल्या शेकडो मैदानांत कोण बोललं याची छापील नोंद नाही, त्यात माझाही वाटा आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. माझ्याकडं आधी छोटा टेपरेकॉर्डर होता, मग मोबाईल आला. मी पैलवानांच्या मुलाखती घेतल्या, नेत्यांच्या घेतल्या, आणि निवेदन चालू असताना ते बंद ठेवलं, बॅटरी वाचवायला! आज जुन्या मैदानांचं निवेदन ऐकावं म्हटलं तर माझ्याकडं काही नाही. कानात आहे तेवढंच.

लगेच कुणीतरी म्हणेल, आता यूट्यूब आहे की, सगळं लाईव्ह असतं. आहे. पोरं चांगलं काम करतायत, त्यांच्यामुळं दुबईतला आणि पुण्यातला गाववाला कुस्ती बघतो. पण त्यातले दहा व्हिडिओ उघडून ऐका. आवाज मोबाईलच्या माईकचा. जनरेटर, पिपाणी, शेजाऱ्याची शिट्टी आणि त्याखाली कुठंतरी निवेदक. वरून एडिट करताना निकालाचे तेवढे तीस सेकंद ठेवतात आणि पाठीमागं गाणं लावतात. आवाजच कापला! तर पैलवानाचा आजा, वस्ताद, तालीम, त्या पोराच्या दुधाचे पैसे, हे सगळं गेलं. उरलं काय, तर धोबीपछाड आणि डीजे. अहो, मिक्सरमधून एक वायर मोबाईलला जोडली तर स्वच्छ आवाज मिळतो. त्या वायरीला एका फेट्याएवढे पण पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे, तो मान्य करतो. निवेदक फार बोलतात. काही जण बोलतात. देणगीदाराला दानशूर कर्ण, सरपंचाला विकासपुरुष, उपसरपंचाला त्याहून मोठं काहीतरी. काही नव्या पोरांना माईक म्हणजे ओरडायचं यंत्र वाटतं. कुस्ती लागायच्या आधीच आवाज सातव्या मजल्यावर, मग खरा डाव लागल्यावर वर जायला जागाच राहत नाही. पण हे का झालं? कमिटीला तेच पाहिजे म्हणून. कमिटी निवेदकाच्या हातात नावांची दोन पानी यादी देते आणि प्रत्येक नाव तीनदा घ्या म्हणते. पुन्हा वर बिदागी त्याच यादीतल्या लोकांच्या मर्जीवर. मग तो काय करणार? खरा निवेदक ओळखायचा असेल तर तो बोलतो केव्हा हे बघू नका, गप्प केव्हा बसतो ते बघा. मोळी बसली, खालच्याचा खांदा जमिनीला लागतोय की नाही अशी वेळ आली, की जुना माणूस माईक तोंडापासून चार बोटं लांब धरतो. फक्त हलगी आणि लोकांचा श्वास. आणि निकाल लागला की मग एकच शब्द. हे शिकवून येत नाही, आणि यादी वाचणाऱ्याला तर कधीच येणार नाही.

तिसरं म्हणणं असं की आता कुस्ती मॅटवर गेली, गुणांवर गेली, जुन्या निवेदकांचं काम संपलं. मी तर म्हणतो उलट काम वाढलं. पुण्यातल्या त्याच महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाड आणि गंगावेश तालमीत घडलेला सिकंदर शेख यांच्या उपांत्य लढतीत काय झालं आठवतंय ना? बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, आणि महाराष्ट्रभर भांडण पेटलं. पंचाला धमकीचा फोन गेला, पोलिसांपर्यंत प्रकरण पोचलं. गुण बरोबर होते की चूक, यावर मी आज बोलणार नाही, त्यावर चहाच्या टपरीवर अजून चालू आहे. पण त्यावेळी चार गुण कशाला देतात, दोन कशाला, पाठ किती वळली की धोका धरतात, हे साध्या मराठीत, माती बघून मोठ्या झालेल्या माणसाला पटेल अशा भाषेत सांगणारे लोक जास्त असते, तर निम्मी आग तिथंच विझली असती. मातीतला प्रेक्षक मॅटवर न्यायचा असेल तर त्याचं बोट धरणारा निवेदकच लागणार. नियमाचं पुस्तक घेऊन कुणी मैदानाला जात नाही.

क्रिकेटमध्ये हे एकदा झालंय. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगितलं, म्हणून खेड्यातल्या माणसाला वाटलं की हा खेळ आपलाही आहे. माझ्या वडिलांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण शेतात रेडिओ घेऊन बसायचे आणि फलंदाज कुठं चुकला ते आम्हाला सांगायचे. ज्यानं त्यांना ते कळवलं तो माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता.

तर आता जत्रा कमिट्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. राग आला तर येऊ दे.

निवेदकाची बिदागी मैदान सुरू व्हायच्या आधी द्या. पाकिटात, दोन्ही हातांनी. हिशोब होईल तेव्हा होईल, त्याच्या घशाचा हिशोब आज झाला पाहिजे. रात्री त्यांना घरापर्यंत सोडायला गाडी ठेवा. नेत्याच्या मागं सहा गाड्या पळतात, त्यातली एक द्या. कुस्ती चालू असताना माईक कुणालाही द्यायचा नाही, आमदार असो नाहीतर त्याचा बाप. सत्कार दोन कुस्त्यांच्या मधे करा. आणि ती वायर, ती तेवढी जोडा. मैदान संपल्यावर सगळा आवाज एका पेनड्राईव्हवर घेऊन ग्रामपंचायतीत ठेवा. तारीख, गाव आणि निवेदकाचं नाव वर चिकटवा. (हलगीवाल्यांचं तर याहून वाईट चाललंय, त्यावर वेगळं लिहिणार आहे.)

शिवाजी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. मराठी विभाग आहे, पत्रकारिता विभाग आहे. दर वर्षी पोरं प्रकल्प करतात. त्यातल्या दोन पोरांना कोथळीला पाठवा. शंकर पुजारींसमोर रेकॉर्डर ठेवा आणि आठ दिवस नुसतं ऐका. कुठल्या मैदानात कोण कुणाशी लढला, कुणाचा वस्ताद कोण, कुठला डाव कुठल्या तालमीचा. आणि मग बाकीच्या तालुक्यातल्या जुन्या निवेदकांकडं जा. ते फेमस नसतील, पोस्टरवर त्यांचं नाव बारीक असेल, पण त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच वाचनालयात नाही. पीएचडी कशाकशावर होते ते आपण वाचतोच की.

आणि माझ्यापुरतं सांगतो. यंदापासून माझ्या मैदानाच्या बातमीत निवेदकाचं नाव दुसऱ्या परिच्छेदात येईल, विजेत्याच्या खालोखाल. डेस्कवाल्यांना कापायचं असेल तर मान्यवर कापा म्हणून सांगितलंय. बघू किती दिवस चालतं.

त्या चैत्रातल्या निवेदकांना मी महिन्याभरानं फोन केला होता. बिदागी मिळाली का विचारलं. हसले. म्हणाले, "जाऊ दे ओ, पोरगं ते ढाकवालं, त्याचं नाव काय होतं? मला त्या गोंधळात त्याचं गाव नीट सांगता आलं नाही. तेवढं कळवा, पुढच्या मैदानात सांगतो." मी नाव शोधून कळवलं. पैशाचं अजून तसंच आहे.

यंदाच्या जत्रा तोंडावर आल्यात. तुमच्या गावच्या मैदानाचं पोस्टर छापून आलं की त्याचा फोटो खाली टाका. निवेदकाचं नाव कुठल्या कोपऱ्यात आहे आणि किती बारीक आहे ते सगळे मिळून बघू.